काटा लालमध्ये जायच्या आधी: जुन्या व्हॅनचं इंजिन सोलापूरच्या उन्हात कसं सांभाळायचं

सेकंडहँड ओम्नी, ईको, विंगर, एखादी जुनी मॅटाडोर असं काही घेतलं असेल आणि एप्रिल-मे सोलापुरात काढायचा असेल तर हे जरा निवांत वाचा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला सहज जातो, त्यात डांबराची धग खालून वर येते, आणि रेडिएटरला थंड करायला मिळते ती हवा हीच. गाडी नवीन असते तेव्हा कूलिंगला थोडी जास्तीची ताकद ठेवलेली असते, पण १५-२० वर्षांत गाळ, गंज, ढिला बेल्ट, म्हातारी झालेली कॅप हे सगळं मिळून ती खाऊन टाकतात. मग डिसेंबरात एकदम ठणठणीत वाटणारी गाडी मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात सात-आठ माणसं घेऊन चढायला लागली की हात वर करते. गाडी त्या दिवशी बिघडलेली नसते ओ, आधीच बिघडलेली असते, फक्त त्या दिवशी कळतं.

ओम्नी-ईकोसारख्या व्हॅनचा एक वेगळा प्रॉब्लेम म्हणजे इंजिन पुढच्या सीटखाली. ओम्नी १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ ला तिचं नाव ओम्नी झालं, २०१९ ला बंद झाली, आणि इतक्या वर्षांत इंजिन तिथंच राहिलं, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. कारचं बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, इथं सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही म्हणून लोक उचलतच नाहीत. एखाद्या पाईपातून थेंब थेंब पाणी महिनाभर गळत असतं आणि मालकाला पत्ता नसतो. त्यामुळं पहिली सवय ही लावून घ्या की आठवड्यातून एकदा सकाळी गाडी थंड असताना सीट उचलायची, बघायचं, हात लावायचा, वास घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

आधी काट्याचा स्वभाव ओळखा

तापमानाच्या मीटरवर सी (थंड) आणि एच (गरम), मध्ये काटा. बहुतेक गाड्यांत ह्या काट्याला आकडे नसतात. नव्या माणसाला वाटतं काटा मध्ये आहे म्हणजे सगळं बरोबर, आणि मध्येच नसला की घाबरतो. खरं म्हणजे जुन्या व्हॅनमध्ये प्रत्येक गाडीचा काटा वेगळ्या जागी बसतो, कुणाचा अर्ध्याच्या जरा खाली, कुणाचा बरोबर अर्ध्यावर. तो कुठं बसतो ह्याला फार महत्त्व नाही, रोज तिथंच बसतो का ह्याला महत्त्व आहे.

म्हणून पहिला आठवडा फक्त बघायचं काम करा. सकाळी चालू केल्यावर काटा हलायला किती वेळ लागतो, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर किती वर जातो, फॅन लागला की किती खाली येतो, अक्कलकोट रोडला सरळ ६० च्या स्पीडनं जाताना कुठं असतो, एसी असेल तर एसी लावल्यावर काय करतो. मीटरच्या काचेवर काट्याच्या नेहमीच्या जागी मार्करनं बारीक ठिपका मारून ठेवा, किंवा चालू गाडीत शेजारच्याला फोटो काढायला लावा. हा ठिपका म्हणजे तुमच्या गाडीचं नॉर्मल. उद्या काटा ह्या ठिपक्यापेक्षा दोन रेघा वर दिसला, भले एच पासून लांब असेल, तरी काहीतरी बदललंय हे नक्की. लोक एच ची वाट बघतात आणि तिथंच फसतात.

आता एक गोष्ट जी नव्या माणसाला कुणी सांगत नाही. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि तो पाण्याचं तापमान सांगतो, इंजिनच्या लोखंडाचं नाही. पाणी गळून लेव्हल सेन्सरच्या खाली गेली की सेन्सरला नुसती वाफ लागते, काटा कधी वर-खाली नाचतो, कधी सरळ खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो चला बरं झालं, थंड झाली, आणि दाबतो अजून. आत इंजिन कोरडं जळत असतं. काटा वर चढला होता आणि आता कारण नसताना धपकन खाली आला, तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या. ओम्नीत बसल्या जागी पण अंदाज येतो, सीटखालून नेहमीपेक्षा जास्त धग, गरम रबराचा वास, किंवा कूलंटचा (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) गोडसर वास आला तर काट्यापेक्षा नाकावर विश्वास ठेवा.

थोडे आकडे, कामापुरते

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह, बहुतेक पेट्रोल इंजिनात ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, इंजिन ८५ ते ९५ च्या मध्ये खूश असतं, आणि इलेक्ट्रिक फॅन साधारण ९५ च्या आसपास लागतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, त्यामुळं उघड्या भांड्यात आपल्याकडं पाणी ९८-९९ लाच उकळतं. म्हणजे फॅन लागतो तिथून उकळी फक्त तीन-चार डिग्रीवर! मग गाडी रोज उकळत का नाही? कारण रेडिएटरची कॅप. कुकरच्या शिट्टीसारखं तिचं काम आहे, आत प्रेशर धरून ठेवायचं. कॅपवर ०.९ किंवा १.१ असं छापलेलं असतं, ते बारमधलं प्रेशर. ०.९ ची कॅप चांगली असेल तर साधं पाणी पण जवळपास ११८ पर्यंत उकळत नाही, आणि अर्धं कूलंट असेल तर अजून सात-आठ डिग्री वर.

ह्यातून काय कळलं? कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली झाली की इंजिन काही जास्त न तापता, ९८-९९ लाच पाणी उकळून बाहेर. मिस्त्री रेडिएटर काढतो, पंप काढतो, आणि दोष कॅपचा असतो. गाडी घेतली की जुनी कॅप टाकून नवीन घ्या, त्याच आकड्याची. जास्त आकड्याची लावली की जास्त भारी असं काही नसतं, जुने पाईप आणि जुना रेडिएटर फुटेल उलट. कॅपला अजून एक छोटा व्हॉल्व्ह असतो जो गाडी थंड झाल्यावर रिझर्व्ह टाकीतलं पाणी परत आत ओढून घेतो. तो अडकला की सकाळी वरचा पाईप चपटा झालेला दिसतो आणि टाकी भरलेली असून रेडिएटर रिकामा. म्हणून नुसती टाकीची लेव्हल बघून समाधान मानू नका, महिन्यातून एकदा गाडी पूर्ण गार असताना कॅप उघडून रेडिएटर गळ्यापर्यंत भरलाय का बघा. गार असताना म्हणजे रात्रभर उभी असताना, बरं का.

पाणी की कूलंट, आणि कुठलं पाणी

आपल्याकडं बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं निम्म्या गॅरेजात ऐकायला मिळतं. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं ना राव. त्यात गंज न लागायचं औषध असतं, पंपाच्या सीलला ते सांभाळतं, आणि उकळी वर नेतं. आणि आपलं बोरचं पाणी कसलं आहे ते बादलीच्या कडेला बघा, गिझरच्या कॉइलला बघा. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून घरात बोरचं वापरतो, तेच डबडं भरून रेडिएटरमध्ये ओततो, आणि तो पांढरा थर मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या आत चढतो. एकदा थर चढला की लोखंडातली उष्णता पाण्यात यायलाच तयार नसते.

तर गाडीच्या पुस्तकात जे कूलंट लिहिलंय ते घ्या. रंगावर जाऊ नका, हिरवं लाल निळं हे प्रत्येक कंपनीचं आपापलं आहे, रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नाही. दोन वेगळी कूलंट एकत्र केली तर कधी कधी आत गिच्च गाळ होतो, त्यामुळं आधीचं कुठलं आहे माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन, नवीन भरा. रेडीमिक्स घेतलं तर तसंच ओतायचं, कॉन्सन्ट्रेट घेतलं तर निम्मं डिस्टिल्ड पाणी घालायचं. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरून जास्त थंडावा मिळत नाही, उलट कमी मिळतो, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच भारी आहे. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, फक्त दुकानदाराला नीट सांगा की बॅटरीचं पाणी पाहिजे, ॲसिड नाही, दोन्ही कॅन शेजारी शेजारीच ठेवलेले असतात.

बदलताना घाई करू नका. थंड गाडीचं खालचं पाणी सोडा, साधं पाणी भरून थोडी चालवून परत सोडा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटची धुणी डिस्टिल्डची. मग गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, आणि हळूहळू भरा. कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर (ॲक्सिलेटर न दाबता) चालू, वरून बुडबुडे येत राहतात, लेव्हल खाली जाते, परत भरा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाईप एकदम गरम होतो आणि अजून थोडं पाणी खाली बसतं, तेव्हा भरून कॅप लावा. हे केलं नाही तर आत हवा अडकते, आणि मग नवीन कूलंट भरल्यावर गाडी जास्त तापायला लागली अशी तक्रार घेऊन माणूस परत गॅरेजला जातो. काढलेलं जुनं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

रेडिएटर आणि हवा

बाहेरून जाळी बघा. आपल्या गावात चादर-टॉवेलचे कारखाने, एमआयडीसीत माल भरायला जाणाऱ्या गाडीच्या जाळीत सुताचा कापूस बसलेला असतो, त्यावर धूळ, त्यावर किडे, आणि त्याचं एक छान फेल्ट तयार होतं. समोरून बघितलं तर काही दिसत नाही, मागून टॉर्च मारला तर पलीकडं उजेड येत नाही. धुताना मागून पुढं पाणी मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर पडेल, आणि साध्या नळीनं मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं जवळून मारलं तर पत्र्याच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि हवा कायमची बंद. एसी असेल तर कंडेन्सर (एसीची स्वतःची जाळी) रेडिएटरच्या पुढं असतो, दोघांच्या मधल्या फटीत खरा कचरा असतो.

दसऱ्याला तोंडावर बांधलेला झेंडूचा हार दिवाळीपर्यंत तसाच, जाळीवर बॅनर, वर दोन मोठे फॉगलॅम्प, जाड गार्ड. व्हॅनला तोंड मुळातच लहान, त्यात तुम्ही ते बांधून ठेवता. पूजा झाली की चार दिवसांनी काढा हो. आषाढीला पंढरपूरच्या रस्त्याला दिंडीच्या मागं चालत्या माणसाच्या स्पीडनं जावं लागतं, तिथं हवा फक्त फॅनची, आणि पावसाचा चिखल जाळीत, तेव्हा तर अजून काळजी घ्या.

आतून रेडिएटर चोक आहे का हे बघायला गाडी चांगली गरम करून बंद करा, आणि स्वस्तातली इन्फ्रारेड थर्मामीटरची गन असेल तर रेडिएटरवर ठिकठिकाणी धरा. पाणी वाहतं त्या वाटेनं तापमान हळूहळू कमी होत जातं, मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बोटं फॅनपासून लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन गाडी बंद असली तरी आपोआप फिरू शकतो. तांबं-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून देतो आणि तो परत चांगला चालतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिक टाकीचा असेल तर रॉडिंगच्या नादी न लागता नवीन बघा.

फॅन

मॅटाडोर, ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांत फॅन बेल्टवर फिरतो, तिथं बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचा, साधारण बोटाच्या जाडीएवढा दबला तर ठीक. ओम्नी-ईकोत फॅन इलेक्ट्रिक. गाडी उभी करून आयडलवर ठेवा, काटा नेहमीच्या जागेच्या जरा वर गेला की फॅन लागला पाहिजे, थोड्या वेळानं बंद, परत चालू. लागलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग रेडिएटरवरचा फॅन स्विच. कार्ब्युरेटरच्या गाडीत वायरमन स्विचच्या दोन वायरी एकमेकांना टेकवून बघतो, फॅन फिरला म्हणजे मोटर चांगली, स्विच गेला. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर फॅन चालवतो, तिथं असली जोडाजोडी स्वतः करू नका.

फॅनची मोटर बदलली असेल किंवा वायरिंग कुणी हाताळलं असेल तर कागदाची एक टेस्ट नक्की करा. फॅन रेडिएटरच्या मागं असेल तर चालू असताना वर्तमानपत्राचा तुकडा पुढच्या जाळीसमोर धरा, तो जाळीकडं ओढला जाऊन चिकटला पाहिजे. उलट तुमच्याकडं उडाला तर वायरी उलट्या जोडल्यात, फॅन उलटा फिरतोय. मग ६० च्या स्पीडला पुढून येणारी हवा आणि फॅनची हवा एकमेकांशी भांडत बसतात आणि मालक म्हणतो फॅन तर मस्त चालतोय की.

बरेच जण फॅन डायरेक्ट करून डॅशबोर्डवर बटण लावतात. वाईट नाही, पण जास्तीचं बटण म्हणून लावा, मूळ स्विच चालू ठेवून, आणि रिले-फ्यूजसकट. नुसत्या बटणावर गाडी ठेवली की एक दिवस घरातलं दुसरं कुणी गाडी घेऊन जाणार आणि त्याला बटण माहीतच नसणार.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

ह्यावरून गॅरेजात माझी नेहमी भांडणं होतात. गाडी तापते म्हटलं की पहिला इलाज, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, सोलापुरात कशाला पाहिजे तो. काढला की गाडी खरंच थोडी गार वाटते, म्हणून सगळ्यांना पटतं. पण मग सकाळी इंजिन गरमच होत नाही, थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, तेलात पेट्रोल-पाणी मिसळून गाळ होतो, सिलिंडर लवकर घासतात. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बायपासची वाट बंद करत असतो, तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटनं तसंच परत इंजिनात फिरतं, म्हणजे घाटात उलट जास्त तापायची सोय. खरा दोष, चोक रेडिएटर म्हणा, थकलेला पंप म्हणा, तो झाकला जातो आणि मे मध्ये मोठा होऊन बाहेर येतो.

घरी तपासणं एकदम सोपं. जुन्या पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मध्ये लोंबकळत ठेवा, बुडाला टेकू देऊ नका, गॅस लावा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ छापलेलं असतं, त्या आसपास तो उघडायला लागतो आणि पुढच्या दहा-बारा डिग्रीत पूर्ण उघडतो. उकळत्या पाण्यात पण मिटलेलाच राहिला किंवा अर्धाच उघडला तर नवीन टाका. बसवताना त्यावरचं बारीक भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला, तिथून हवा निघून जाते.

एलपीजी-सीएनजी किटवाल्यांनी हे बघा

किटच्या रिड्यूसरला (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) इंजिनचं गरम पाणी दोन पाईपनं दिलेलं असतं, कारण गॅस प्रसरण पावताना गारठतो. हे दोन पाईप आणि त्याच्या क्लिपा म्हणजे गळतीच्या चार नवीन जागा, आणि किट बसवताना सिस्टीममध्ये हवा राहिली तर तीही इथंच अडकते. ह्याचा एक फायदा पण आहे. रिड्यूसरवर ओलसर दव किंवा बर्फ दिसला, गाडी गॅसवर झटके द्यायला लागली, तर समजा त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाहीये, म्हणजे बहुतेक इंजिनात पाणी कमी आहे. काटा काही बोलायच्या आधी हा बोलतो.

आकडे दाखवणारा मीटर लावायचा असेल तर

ईको किंवा नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीला ओबीडी पोर्ट (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) असेल तर ब्लूटूथचा छोटा डोंगल घ्या, मोबाईलवर ॲप, त्यात कूलंटचं तापमान लाईव्ह दिसतं. १०३-१०४ ला अलार्म लावून ठेवा. जुन्या कार्ब्युरेटर गाडीला वेगळा डिजिटल मीटर लावता येतो. वरचा पाईप कापून मध्ये सेन्सर बसवायचा ॲडाप्टर मिळतो, तो लावताना पाईपच्या आतल्या मापाचाच घ्या आणि दोन्ही बाजूला चांगल्या क्लिपा आवळा. पण ह्या सेन्सरलाही पाणी गेल्यावर काही कळत नाही. माझं मत विचाराल तर ज्याची गाडी रोज भाड्यानं फिरते त्यानं इंजिनच्या हेडवर (सिलिंडरच्या वरचं झाकण) बोल्टखाली बसणारा सेन्सर आणि बझर लावावा, तो धातूचं तापमान बघतो, पाणी असो नसो तो ओरडतो. इन्फ्रारेड गननं हेड किंवा थर्मोस्टॅटचं झाकण मोजणार असाल तर चकाकत्या ॲल्युमिनियमवर ती आकडा कमी दाखवते, तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

घाटात आणि लांबच्या रस्त्यात

निघायच्या आधी रिझर्व्ह टाकी, तेल, टायरची हवा. टायर मऊ असले, ब्रेक चिकटत असले तरी इंजिनला जोर लावावा लागतो आणि ती सगळी उष्णता रेडिएटरवर येते. तेल कमी असलं तरी तेच. घाटात गाडी चौथ्यात ओढत ढकलत नेऊ नका, वेळेवर गिअर खाली घ्या. इंजिन जरा जास्त फिरलं की पंप पण जास्त फिरतो, पाणी जास्त वाहतं. कमी फेऱ्यांत पूर्ण ॲक्सिलेटर दाबून चढवणं हा गाडी तापवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. कारखाने चालू असताना पंढरपूर-मोहोळ साईडला उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकलात तर अंतर ठेवा, एकदम मागं चिकटून गेलं की त्याचा धूर आणि पाचटाचा कचरा थेट तुमच्या जाळीत. आणि जमलं तर मे मध्ये दुपारी १२ ते ४ मोठा लोड घेऊन निघूच नका, पहाटे निघा, अक्कलकोटला दर्शन पण निवांत होतं.

तापलीच तर

काटा ठिपक्याच्या वर चढायला लागला की लगेच एसी बंद, हीटर असेल तर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात हीटर लावा म्हटलं की घरचे वेड्यात काढतील, पण तो एक छोटा जादाचा रेडिएटरच आहे, काचा खाली करा आणि लावा. ॲक्सिलेटर सोडा, सावली बघून बाजूला घ्या.

आता दोन वाटा. वाफ नाही, पाणी सांडत नाही, फॅन चालू आहे, काटा लालच्या खाली आहे, तर इंजिन बंद न करता थोडं वाढीव आयडलवर ठेवा, पाणी फिरत राहील आणि काटा खाली येईल. पण वाफ आली, खाली पाणी पडतंय, फॅन बंद आहे, किंवा काटा लालमध्ये गेलाय, तर क्षणभर पण थांबू नका, इंजिन बंद. अजून दोन किलोमीटरवर गॅरेज आहे तिथपर्यंत नेतो, हा विचार सगळ्यात महाग पडतो. टोचन करून न्या, टोचनचे पैसे हेडच्या कामापुढं काहीच नाहीत.

माणसं उतरवा. ओम्नीत वाफ सीटखालून येते, त्यामुळं सीट लगेच उचलून तोंड आत घालू नका. कॅपला हात लावू नका, निदान पाऊण तास. ११० डिग्रीचं पाणी प्रेशरखाली शांत बसलेलं असतं, कॅप सुटली की प्रेशर जातं आणि सगळं एका सेकंदात उकळून तोंडावर येतं. पाऊण तासानं वरचा पाईप दाबून बघा, मऊ लागला तर जाड फडकं टाकून, तोंड बाजूला करून, कॅप पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, मग काढा. इंजिनवर बाहेरून गार पाणी ओतायचं नाही, आत पण एकदम नाही, तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जातो. इंजिन चालू करून आयडलवर ठेवून, बारीक धारेनं, थांबत थांबत भरा. अशा वेळी जे पाणी मिळेल ते चालतं, हॉटेलातलं, बाटलीतलं, बोरचं सुद्धा, घरी आल्यावर धुऊन काढता येतं.

गाडीत कायम ठेवायच्या गोष्टी: पाच लिटर पाण्याचा कॅन, दोन-तीन मापाच्या क्लिपा, जास्तीचा बेल्ट, फॅनचा फ्यूज, स्क्रूड्रायव्हर, जाड फडकं, टॉर्च. पाईपाला बारीक चीर गेली असेल तर पुसून कोरडा करून सेल्फ-फ्युजिंग सिलिकॉन टेप ताणून गुंडाळा आणि कॅप पहिल्या खाचेवरच ठेवून हळू न्या, प्रेशर कमी राहतं, सोलापूर गाठता येतं. रेडिएटरची गळती बंद करायची पावडर मिळते, ती अगदी अडलं तरच टाका, ती चांगल्या नळ्या पण बंद करते.

एकदा जोरात तापून गेल्यावर

पाणी भरलं, चालू झाली, चला, असं करू नका. पुढचे आठ दिवस रोज सकाळी लेव्हल बघा. गळती दिसत नाही पण पाणी कमी होतंय, थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाईप दगडासारखा कडक, कॅप उघडून चालू केली तर सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर जो इंजिन गरम झाल्यावर पण थांबत नाही, सकाळी चालू करताना एक सिलिंडर मिस, तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस. ह्यातलं एखादं जरी दिसलं तरी हेड गॅसकेटचा, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचा, संशय घ्या. मिस्त्रीला कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरचं प्रेशर मोजायची) करायला लावा, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कमी आलं तर गॅसकेट त्यांच्या मधे फुटलेलं असतं.

हेड उतरवलंच तर लेथवाल्याकडं नुसतं फेसिंग (तळ घासून सपाट करणं) करायला टाकू नका. आधी पट्टी लावून किती वाकलंय ते बघायला सांगा, मग प्रेशर टेस्ट करून तडा आहे का बघायला सांगा, आणि मगच फेसिंग. तडा गेलेल्या हेडचं फेसिंग म्हणजे पैसे गटारीत. बसवताना बोल्ट टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या क्रमानं, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळले पाहिजेत, तिथं उभं राहून बघा, मिस्त्री चिडला तर चिडू दे. गॅसकेट, थर्मोस्टॅट, कॅप आणि दोन्ही मोठे पाईप त्याच वेळी नवीन टाका, पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचा डाग दिसत असेल तर पंप पण. आणि मिस्त्री गाडी परत देताना मीटरवरचा तो ठिपका परत तपासा, काम झाल्यावर काटा नवीन जागी बसायला लागतो, तर नवीन ठिपका मारा.